विश्लेषण : ताडकळसची ओवी मोबाइलवर येते, तेव्हा ऐकण्यात काय बदलते?

परभणी जिल्ह्यातील ताडकळस गावात एप्रिल १९९६ मध्ये गंगूबाई अंबोरे यांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. एरवी जात्याजवळच्या दोन-चार बायकांपलीकडे न जाणारे हे गाणे आज मोबाइलवर कुठूनही ऐकता येते. या प्रवासात आवाज टिकला. मात्र गाणे कोण ऐकतो, कसे ऐकतो आणि ऐकताना त्यातले काय गाळले जाते, हेही बदलले. संगणक, प्रयोगशील संगीत आणि मराठवाड्यातील ओवी यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, याचा हा आढावा.

ताडकळसमध्ये काय ध्वनिमुद्रित झाले?

ताडकळस हे पूर्णा तालुक्यातील गाव. तिथल्या गंगूबाईंच्या ओव्यांमध्ये वनवासातील सीतेचे दुःख येते. अरण्यात रडणाऱ्या सीतेची समजूत काढायला जवळचे कुणी नाही, म्हणून बोरी-बाभळी तिच्या सख्या होतात, अशी त्यातली कल्पना आहे. बोरी-बाभळी ही मराठवाड्याच्या माळावर आणि बांधावर दिसणारी काटेरी झाडे. रामायणातले अरण्य गायिकेने आपल्या शिवारात आणून ठेवले आहे. कागदावर ही ओवी जेमतेम दोन ओळींची. गाताना मात्र ती लांबते, ओळींचे तुकडे मागेपुढे होतात, श्वासासाठी थांबते, पुन्हा उचलली जाते. गंगूबाईंच्या आवाजातला कढ लिहून घेतलेल्या शब्दांत सापडत नाही. तो ऐकावाच लागतो.

हे ध्वनिमुद्रण ‘जात्यावरच्या ओव्या’ या मोठ्या प्रकल्पाचा भाग होते. पुण्यातील समाजशास्त्रीय संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी तो उभा केला. मूळचे फ्रेंच असलेले पॉइटवाँ १९७२ पासून भारतात राहिले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेमार्फत गावोगावच्या ओव्या आधी हाताने लिहून घेण्यात आल्या. आज या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या गाणाऱ्या ३,३०२ स्त्रिया आणि त्यांची १,१०७ गावे यांची नोंद त्यात आहे. पॉइटवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये गेल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजेच ‘पारी’ या संकेतस्थळाने मार्च २०१७ पासून या ओव्या आवाज, शब्द आणि चित्रफितींसह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ताडकळसच्या ओव्याही त्यातूनच लोकांपर्यंत पोहोचल्या.

ओवी कुणी ऐकावी म्हणून गायली जात होती?

मैफलीत एक गातो आणि बाकीचे ऐकतात. जात्यावर अशी विभागणी नसते. पहाटे अंधारात दळायला बसलेली बाई खुंट्याला हात घालते, मूठ मूठ दाणे टाकते आणि गाते. समोर दुसरी बाई बसलेली असेल, तर तीही खुंटा ओढते आणि ओवी उचलते. म्हणजे गाणारीच ऐकणारी. तिसरा श्रोता असलाच, तर मांडीवर किंवा शेजारी झोपलेले मूल. चाल, दगडाचा फेरा आणि श्वास यांची लय एकच असते.

परभणी जिल्ह्याला या गाण्याची जुनी ओळख आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. जनाबाईंना दळू लागायला प्रत्यक्ष विठ्ठल यायचा, ही श्रद्धा महाराष्ट्रभर आहे. दळणाचे कष्ट आणि त्यातून निघालेले गाणे यांचे नाते सांगणारी याहून नेमकी कथा सापडणे अवघड.

या कष्टांकडे हळवेपणाने पाहण्याचे कारण नाही. दिवसाचे पीठ हाताने दळणे हे खांदे आणि पाठ मोडणारे काम होते. गावात डिझेलवर आणि नंतर विजेवर चालणारी गिरणी आली, तेव्हा बायकांची त्यातून सुटका झाली. पण जाते थांबले, तशी ओवीची रोजची जागाही गेली. लग्नातल्या हळदीच्या दळणापुरते जाते उरले. पूर्वी मुली हे गाणे शिकत, ते रोज पहाटे कानावर पडत होते म्हणून. त्यासाठी वेगळी शिकवणी कधी नव्हती. रोजचे ऐकणे बंद झाल्यावर गाणे पुढे जाण्याची वाटही बंद झाली. डिजिटल तंत्रज्ञानाचा प्रवेश नेमका याच टप्प्यावर होतो.

एक लाख ओव्या संगणकात कशा गेल्या?

वहीत लिहिलेल्या एक लाख ओव्यांतून हवी ती ओवी शोधणे माणसाला शक्य नाही. म्हणून राईरकर आणि पॉइटवाँ यांनी ओव्यांची विषयवार वर्गवारी केली. सीता, माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, विठ्ठल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, असे शेकडो विषय आणि उपविषय. प्रत्येक ओवीला एक क्रमांक, त्यासोबत गायिकेचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा.

१९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या प्रकल्पात आले. संगणकाच्या मदतीने संगीताचा अभ्यास करणारे हे फ्रेंच संशोधक. त्यांनी या सर्व नोंदींचा माहितीसंच तयार केला. १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची ओवीगणिक नोंद लावली. म्हणजे कोणती ओवी कोणत्या टेपवर, कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला सुरू होते, हे लिहून ठेवले. ऐकायला हे कारकुनी काम वाटते. पण त्यामुळेच तासभराच्या टेपमधून अर्ध्या मिनिटाची ओवी नेमकी उचलता येते आणि तिच्यासोबत ती गाणाऱ्या बाईचे नावही येते.

ध्वनिमुद्रणे ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ या गुरुग्राममधील संग्रहाकडे गेली. पुढे बेल यांच्या पुढाकाराने ती फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील भाषा-ध्वनी भांडारात पोहोचली. तिथे दीर्घकाळ टिकणारे डिजिटल संग्रह कसे रचावेत, याचा नमुना म्हणून या माहितीसंचाचा उपयोग झाला. मराठवाड्यातील, मुळशीतील, बीडमधील बायकांची गाणी युरोपातल्या संग्रहशास्त्राला उपयोगी पडली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

एक साधा हिशेब पाहू. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतली जातात. दोन वाहिन्यांचे असे एक मिनिट साधारण १०.६ एमबी जागा घेते. या हिशेबाने १२० तास म्हणजे सुमारे ७६ जीबी. बाजारात मिळणाऱ्या १२८ जीबीच्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर हा सारा आवाज मावतो आणि वर जागा उरते. अडचण साठवणुकीची राहिलेली नाही. आवाजासोबत नाव-गाव लिहून ठेवणारे हात कमी आहेत.

तबल्याच्या बोलांपासून ओवीपर्यंत संगणक कसा पोहोचला?

बर्नार्ड बेल यांचे ओव्यांआधीचे काम प्रयोगशील संगीताशी थेट जोडलेले आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपेन हे संशोधक लखनौमध्ये उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायदा वाजवताना तबलावादक मूळ बोलांतून नवनवे पलटे काढतो. त्यातले काही ‘बरोबर’ वाटतात, काही नाहीत. हे ठरवणारे नियम कोणते? उस्ताद वाजवून दाखवतील, पण नियम शब्दांत मांडणे कठीण. त्यासाठी बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ हे सॉफ्टवेअर तयार केले.

त्याची पद्धत मजेशीर होती. भाषेचे व्याकरण असते, तसे कायद्याचे व्याकरण संगणकात लिहायचे. संगणक त्यावरून नवे पलटे तयार करणार. ते उस्तादांसमोर ठेवायचे. उस्ताद म्हणाले ‘हे आमच्यात बसत नाही’, की व्याकरण दुरुस्त करायचे. संगणकाने काढलेल्या बोलांची परीक्षा उस्तादांचा कान घेत होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत ‘माणसाकडून तपासून घेणे’ हा शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो. लखनौच्या तालमीच्या खोलीत ते चार दशकांपूर्वी घडत होते.

पुढे हेच सॉफ्टवेअर संगीतकारांच्या हाती आले. नियम लिहायचे आणि त्यातून संगीत उगवू द्यायचे, अशा रचनांसाठी ते वापरले जाऊ लागले. आज ते मुक्तस्रोत असून कुणालाही उतरवून घेता येते. त्याच काळात मुंबईच्या ‘एनसीपीए’मध्ये बेल आणि विम व्हॅन डर मीर यांनी रागगायनातील स्वरांची वाट आलेखावर उमटवणाऱ्या यंत्रावर काम केले. गायक ‘सा’ वरून ‘रे’ वर उडी मारतो की घसरत जातो, हे अशा आलेखात डोळ्यांना दिसते. पेटीच्या पट्ट्यांत न बसणारे भारतीय गाणे यंत्राला समजावून सांगण्याची ही धडपड होती. तोच संशोधक नंतर ओव्यांकडे वळला.

‘प्रयोगशील संगीत’ म्हणजे नेमके काय?

ठरलेल्या घाटाबाहेर जाऊन आवाजाशी केलेला खेळ म्हणजे प्रयोगशील संगीत, अशी ढोबळ व्याख्या करता येते. १९४८ मध्ये पिएर शेफर यांनी पॅरिसच्या रेडिओसाठी रेल्वेगाड्यांचे मुद्रित आवाज जोडून एक रचना केली. इंजिनाचा फुत्कार, रुळांचा खडखडाट, शिट्टी हेच त्याचे स्वर. पूर्णा जंक्शनवर रात्र काढलेल्या कुणालाही हे आवाज परिचित असतील. शेफर यांचे म्हणणे असे, की ध्वनी एकदा मुद्रित झाला, की तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो, आणि पुन्हा ऐकताना ‘गोंगाट’ वाटलेल्या गोष्टीत आकार दिसू लागतो.

भारतातही असे प्रयोग झाले. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी तिथे रचना केल्या. त्या टेप अनेक दशके विस्मृतीत पडून होत्या. पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्या जगासमोर आल्या. मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या जपानी सिंथेसायझरवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. ती तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाले आणि इंटरनेटवर ती जगभर पोहोचली. शिकागोत नंतर जन्मलेल्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताशी तिचे आश्चर्यकारक साम्य श्रोत्यांच्या लक्षात आले. सिंग तेव्हा उतारवयात होते.

या दोन्ही उदाहरणांत संगीत तयार होऊन पडले होते. त्याला श्रोता तंत्रज्ञानाने नंतर मिळवून दिला. ओवीचेही तसेच झाले. फरक एवढाच, की अहमदाबादच्या आणि मुंबईच्या टेपवर रचनाकारांची नावे होती. गावातल्या गायिकेचे नाव मात्र ‘लोकगीत’ या एका शब्दाखाली सहज झाकले जाते.

ऐकण्यात नेमका कोणता बदल झाला?

पहिला बदल जागेचा. मराठवाड्यात घराबाहेरचे संगीत ऐकण्याची जुनी ठिकाणे म्हणजे देवळातले भजन, जत्रा, लग्नाचा बँड आणि नंतर आकाशवाणी. परभणीचे आकाशवाणी केंद्र लागले, की घर, हॉटेल, दुकान एकच कार्यक्रम ऐकत असे. काय आणि कधी ऐकायचे, हे केंद्र ठरवायचे. मोबाइल आणि हेडफोनने हे ऐकणे एकट्याचे केले. एकाच एसटीत शेजारी बसलेले दोघे आता दोन वेगळ्या जगांत असतात.

दुसरा बदल पुनरावृत्तीचा. जात्यावरची ओवी त्या पहाटेपुरती असे. दुसऱ्या दिवशी तीच बाई तीच ओवी वेगळ्या तऱ्हेने गाई. मुद्रित ओवी मात्र दर वेळी तशीच वाजते. त्यामुळे बारकावे ऐकता येतात, पण एका दिवसाचे गाणे हेच त्या ओवीचे ‘खरे’ रूप, असा समजही पक्का होतो. गंगूबाईंनी तीच ओवी दुसऱ्या एखाद्या दिवशी कशी गायली असती, हे टेप सांगू शकत नाही.

तिसरा बदल शोधण्याचा. माहितीसंचात ‘सीता’ किंवा ‘माहेर’ असा विषय निवडला, की वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बायकांच्या ओव्या शेजारी शेजारी येतात. ताडकळसची बाई आणि मुळशीची बाई आयुष्यात कधी भेटल्या नसतील. संगणकाच्या पडद्यावर मात्र त्या एकमेकींना उत्तरे देत आहेत असे वाटते. असे ऐकणे पूर्वी कुणालाच शक्य नव्हते, गाणाऱ्यांनाही नाही. संग्रहच एका नव्या संगीतरचनेसारखा वागू लागतो आणि श्रोता त्यातून आपली वाट काढतो.

चौथा बदल अंतराचा. पूर्वी ओवी ऐकायची, तर त्या घरात असावे लागे. आता ऐकणारा पुण्यात, दुबईत किंवा एक्स-आँ-प्रोव्हान्समध्ये असू शकतो. त्याला ओवी समजते, पण ज्वारीचा वास, चुलीचा धूर आणि खांद्याची कळ त्याच्यापर्यंत येत नाही.

मोबाइल जात्याचा आवाज का गाळतो?

मोबाइल मुख्यतः बोलण्यासाठी बनलेला आहे. साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवण्याची पद्धत होती. बोलणे कळायला तेवढे पुरते. पण दगडावर दगड फिरताना निघणारी खर्जातली घरघर त्याच्या खाली राहते. गाणाऱ्या बाईला जात्यावर लय धरून देणारा आवाज हाच.

आजच्या फोनमध्ये ‘नॉइज सप्रेशन’ असते. सतत आणि एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा, मोटार किंवा रहदारी, असे गृहीत धरून फोन तो दाबतो आणि बदलत्या मानवी आवाजाला पुढे आणतो. जात्याची घरघरही सतत आणि एकसारखी असते. त्यामुळे यंत्राच्या हिशेबात ती कचरा ठरू शकते. शेफर यांनी ज्या गोंगाटात संगीत शोधले, तोच गोंगाट फोन आपोआप पुसून टाकतो.

पुढचा टप्पा आकार कमी करण्याचा. एमपी३ किंवा व्हॉइस नोटसारख्या पद्धती कानाच्या एका मर्यादेचा फायदा घेतात. मोठ्या आवाजाजवळचा बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही, म्हणून तो फाइलमधून वगळला जातो. १२८ केबीपीएस एमपी३ ही सीडीच्या तुलनेत साधारण अकराव्या हिश्श्याएवढी माहिती ठेवते. चित्रपटगीत ऐकताना फारसे बिघडत नाही. पण मागे बसलेल्या दुसऱ्या बाईचा हलका सूर, बांगड्यांची किणकिण, अंगणातली चाहूल यांवर परिणाम होतो. तीच फाइल पुन्हा पुन्हा दाबून पुढे पाठवली, तर दर वेळी थोडे आणखी निसटते.

सुरांचाही प्रश्न आहे. १९९७ मध्ये आलेल्या ‘ऑटो-ट्यून’सारखी साधने गायकाचा सूर जवळच्या ठरलेल्या स्वरावर नेऊन बसवतात. ओवीची चाल बहुधा मोजक्याच स्वरांत फिरते आणि तिचे सौंदर्य त्या स्वरांमधल्या घसरणीत, हलण्यात असते. असा आवाज ‘सुधारला’, तर तो सुरेल होईल, पण ओवीचा राहणार नाही. यूट्यूबवर लोकगीतांना ठेका, कीबोर्ड आणि प्रतिध्वनी जोडून नव्याने सादर केले जाते. त्यात गैर काही नाही. मूळ आवाज वेगळा आणि जसाच्या तसा उपलब्ध असावा, एवढीच अपेक्षा आहे.

आवाजावर हक्क कुणाचा?

ओवी कुणाची, याचे पारंपरिक उत्तर ‘सगळ्यांची’ असे आहे. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेली ओवी कुणा एकीची मालमत्ता नाही. पण विशिष्ट दिवशी, विशिष्ट बाईने गायलेली ओवी हे तिचे सादरीकरण असते. भारताच्या स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मध्ये कलम ३८ सादरकर्त्याला हक्क देते. ते सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून ५० वर्षे राहतात. या हिशेबाने १९९६ मधील सादरीकरणाचे हक्क २०४६ अखेरपर्यंत पोहोचतात. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव दिले जावे असे म्हणण्याचा नैतिक हक्कही स्पष्टपणे मिळाला. कायद्यातील ‘सादरकर्ता’ या व्याख्येत गायक तर आहेच, शिवाय गारुडी आणि कसरतपटूही आहेत. त्यामुळे शेतात राबणारी बाई ‘व्यावसायिक कलाकार’ नाही, हे तिचे नाव वगळण्याचे कारण होऊ शकत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. संगीत किंवा आवाज तयार करणाऱ्या प्रणाली प्रचंड संख्येने मुद्रित आवाज ऐकून शिकतात. त्या आवाजांत हिंदी-इंग्रजी गाणी विपुल आहेत आणि परभणीच्या बोलीतली, साठीतल्या बाईची ओवी अगदी क्वचित. याचे दोन परिणाम संभवतात. एक, ‘मराठी लोकगीत’ तयार कर असे सांगितल्यावर यंत्र चित्रपटातल्या लोकगीतासारखेच काहीतरी देईल. दोन, दुर्मीळ असलेले असे आवाज नाव न घेता, न विचारता वापरले जाण्याचा धोका राहील. लखनौच्या प्रयोगात यंत्राने काढलेला बोल उस्ताद नाकारू शकत होते. ओवीच्या बाबतीत ‘हे आमच्यात बसत नाही’ असे सांगणारी बाई त्या खोलीत कुठे आहे, हा खरा प्रश्न आहे.

घरातल्या आजीचा आवाज जपायचा तर काय करावे?

ताडकळसच्या ध्वनिमुद्रणाला तीस वर्षे होत आली. जात्यावर रोज दळलेल्या बायकांची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांचे गाणे जपायला स्टुडिओ लागत नाही. काही साध्या गोष्टी पाळल्या, तर हातातला फोनही पुरतो.

ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्यावी आणि हा आवाज कुठे वापरला जाणार, हे स्पष्ट सांगावे. ‘घरापुरते ठेवा’ असे आजी म्हणाली, तर तसेच करावे.

व्हॉइस नोटऐवजी फोनमधले रेकॉर्डर ॲप वापरावे. सेटिंगमध्ये ‘हाय क्वालिटी’ किंवा ‘वेव्ह’ हा पर्याय असल्यास निवडावा. ‘नॉइज रिडक्शन’ बंद करता येत असेल, तर बंद करावे. फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकावा, म्हणजे मध्येच कॉल येणार नाही.

फोन हातात न धरता घडी घातलेल्या सतरंजीवर किंवा उशीवर, गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. जाते असेल, तर फोन जमिनीवर थेट ठेवू नये, दगडाचा हादरा माइकमध्ये जातो. पंखा आणि टीव्ही बंद करावा, पण कोंबडा आरवला किंवा नातू बोलला, तर थांबू नये. काही वर्षांनी तेच आवाज त्या घराची खूण सांगतील.

सुरुवातीलाच आवाजात नोंद करावी : गाणारीचे नाव, तिच्या इच्छेनुसार माहेर आणि सासर, गाव, तालुका, तारीख. ओवी कुणाकडून शिकली, हेही विचारावे. फाइलला ‘रेकॉर्डिंग ००७’ असे नाव राहू देऊ नये.

ओवी गाऊन झाल्यावर अवघड शब्दांचे अर्थ तिच्याकडूनच समजून घ्यावेत. औतकाठीची, दागिन्यांची, नात्यांची कितीतरी नावे आता शब्दकोशातही सहज मिळत नाहीत.

मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रती कराव्यात : एक फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी. पाठवायची असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली जात नाही.

पुढे काय?

गिरणी आली आणि ओवीची जागा गेली. मोबाइलने तिला दुसरी जागा दिली, पण ती जात्यासारखी नाही. तिथे ओवी उचलणारी समोरची बाई नसते. ती जागा आता श्रोत्यांना भरून काढावी लागेल. शाळेत एखाद्या मुलीने ताडकळसची ओवी ऐकून घरी आजीला ‘तुला येते का गं?’ असे विचारले आणि आजीने आपली वेगळी ओवी म्हटली, तर संग्रहातला आवाज पुन्हा चालू लागला असे म्हणता येईल.

तीस वर्षांपूर्वी ताडकळसला गेलेल्यांनी आवाजासोबत गंगूबाईंचे नाव आणि गाव लिहून ठेवले. तेवढ्यामुळे आज तो आवाज ‘एक अनामिक लोकगीत’ न राहता परभणी जिल्ह्यातल्या एका बाईचा आवाज म्हणून ऐकला जातो. पुढच्या तीस वर्षांनंतर आज मुद्रित होणाऱ्या आवाजांबद्दलही असे सांगता येईल का, हे फोन किती महागडा आहे यापेक्षा फाइलवर कुणी नाव लिहिले का, यावर अवलंबून राहील.